जिन्याचं दार

पिहूचे बाबा,

मी पिहूले घेऊन वलगावले आईकडे चालली. तुमाले उठवलं नाही. काल दुपारी शेजारच्या नगमाभाभीनं एवढ्या हाका मारल्या तवा उठले नाही, तर आता काय उठसान?

दुकानात जाताना मी दोनदा सांगतलं होतं, जिन्याचं दार लावा, पोरगी तीन वर्षांची आहे. तुमी 'हो हो' म्हणले अन् बाटली काढून बसले. पिहू जिन्यावरून खालपर्यंत गडगडत गेली. भाभीनंच उचलून दवाखान्यात नेली अन् मले फोन केला. हात मोडला, कपाळाले चार टाके पडले. अन् रात्री तुमी म्हणता, "दोनच पेग घेतले होते, लेकरं पडतच असतात."

पोळ्या डब्यात आहेत. प्लास्टर दीड महिन्यानं निघन. फोन करायचा असन तर सकाळी करा, शुद्धीत असताना.

डॉक्टरनं विचारलं, "पडली तवा घरी कोण होतं?" तुमचं नाव घ्यायची मले लाज वाटली. म्हटलं, "कोणीच नव्हतं." खोटं बोलली म्हणून रस्ताभर मन खात होतं. घरी येऊन तुमाले सोफ्यावर पडलेलं पाहिलं, तवा समजलं का मी खरंच बोलली.

सीमा