तीन महिने झाले की

१ जुलै २०२१
करमाळ्याहून बाडबिस्तरा घेऊन जुळे सोलापुरात दाखल! लसीकरण केंद्रावर नर्सची नोकरी आणि सावित्रम्मांच्या घरात पुढची खोली. आल्या आल्या त्यांनी कडक भाकरी नि शेंगाचटणी पुढे केली. अशी घरमालकीण मिळायला नशीब लागतं. मागच्या खोलीत त्यांचे मालक, सिद्धलिंगप्पा, असतात. एप्रिलमध्ये कोरोना झाला, अजून अंगात ताकद नाही, म्हणून कुणासमोर येत नाहीत म्हणे.

४ जुलै
केंद्रावर दिवसभर एकच प्रश्न आणि घरीही तोच. मालकांना सुई कधी द्यायची, सावित्रम्मांनी विचारलं. बरं झाल्यापासून तीन महिने झाले की, मी म्हटलं. त्यांना तिथवर चालवायचं न्हाय, म्हणाल्या. कुणाचं मन मोडायचं माझ्या जिवावर येतं. मीच घरी टोचीन, म्हणून टाकलं. बोलायला आपल्या बापाचं काय जातं!

९ जुलै
मागच्या खोलीत खोकला चालू असतो. ताट मात्र जसंच्या तसं बाहेर येतं. आज दाराशी जाऊन तब्येत विचारली, तर खोकला थांबला. दाराखालून वॉर्डात फवारतात त्या औषधाचा वास आला. मला तो अजिबात आवडला नाही.

१३ जुलै
शेजारचे रिक्षावाले अतीकभाई लस घ्यायला आले होते. मी कुठे राहते ते ऐकून त्यांनी खरं काय ते सांगितलं. सिद्धलिंगप्पा एप्रिलमध्येच वारले. प्लास्टिकमध्ये गुंडाळून दवाखान्यातून परस्पर स्मशानात नेलं. तोंड बघितल्याशिवाय कुंकू पुसणार न्हाय, असं म्हणून सावित्रम्मा अतीकभाईंच्या रिक्षातून एकट्याच घरी आल्या. दारात म्हणाल्या, मालकांना हाताला धरून उतरवा की. म्हातारीचं मन राखायला त्यांनी रिकाम्या सीटकडे हात केला.
तो कुणीतरी धरला, म्हणाले.

१५ जुलै
खोली सोडते म्हटलं. सावित्रम्मा रडल्या. तेवढी सुई देऊन जावा, तुमच्या शब्दावर बसल्यात ते. तीन महिने कधी भरतात, विचारलं. उद्या.

१६ जुलै
बॅग भरली. पुढच्या दाराला बाहेरून कडी. सावित्रम्मा देवळात — हाका मारून घसा बसला —

मागचं दार वाजलं. तोच वास.

माझ्याकडे लस नाही, ओरडून सांगितलं. तुम्ही बरे झालाच नाहीत, हेही सांगायचं होतं — तोंडातून निघेना —

समोर बसलेत. मी वहीतून मान वर करत नाही. प्लास्टिक चुरचुरतंय — दंडावरून वर सरकवतायत —

सुई राहू द्या म्हणतायत. मी बरा झालोय, एवढंच तुमच्या तोंडून सांगा —

इतक्या अजिजीनं विचारतायत. आणि मी, मेली, सवयीनं — हो म्ह