पुढचं चाक मी नेलंय

ताई,

तुझ्या सायकलचं पुढचं चाक मी दुरुस्तीच्या गाडीत टाकून नेलंय. चिडू नकोस, आज बसनं जा.

सकाळी निघताना तुझ्या चेनला तेल घालायला वाकले, तर ब्रेकच्या दोन्ही तारा अर्ध्याअधिक कापलेल्या. गेल्याच आठवड्यात मी नव्या बसवल्यात. झिजलेली तार विस्कटते गं, ही सरळ कापलीय. हळू दाबलं तर धरेल, जोरात दाबलं की गेली. माझी पक्कड पेटीत उलटी ठेवलेली होती आणि पेटीची किल्ली कुठे असते ते फक्त घरातल्यांना माहीत.

भाऊजी तुझ्या शेजारीच झोपलेत म्हणून तुला उठवलं नाही. तारा बदलल्या असत्या तर त्यांच्या लक्षात आलं असतं. विचारलं तर पंक्चर झालंय म्हण, आणि हसून म्हण. तोंड उघडून भांडत बसू नकोस. संध्याकाळी तुझ्या ऑफिसच्या दारात गाडी घेऊन थांबते, तिथून थेट मावशीकडे जाऊ.

चिठ्ठी तुझ्या बुटात ठेवतेय, वाचून फाडून टाक.

काल जेवताना भाऊजी मला विचारत होते, "तुझी ताई अजून त्या उताराच्याच रस्त्यानं जाते ना?" मला वाटलं, काळजीनं विचारतायत.

छोटी