भाषणाचं शेवटचं वाक्य

३ फेब्रुवारी
डीनची खुर्ची महिनाअखेर रिकामी होतेय. माझ्याशिवाय आहेच कोण? आज कुलगुरूंनी जिन्यात थांबवून तब्येतीची चौकशी केली. मोठी जबाबदारी द्यायची असली की आधी तब्येतच विचारतात.
संकल्प: उद्यापासून रोज अर्धा तास स्पॅनिश वाचन. स्पॅनिशचा विभागप्रमुख झाल्यापासून नुसतं टाइमटेबल, मीटिंगा आणि पंखे दुरुस्ती. भाषेला हात लागलेला नाही.

४ फेब्रुवारी
वाचन झालं नाही. चष्मा सापडेना. डोक्यावरच होता, पण तोवर मूड गेला.

७ फेब्रुवारी
स्पेनच्या एका विद्यापीठाचे पाहुणे येताहेत. स्वागताचं भाषण मी करायचं, तेही स्पॅनिशमध्ये! कुलगुरू म्हणाले, भाषण होऊ दे, मग डीनचं बघू. म्हणजे ठरलंच.
घरी सांगितलं. बायको म्हणाली, तुम्हाला येतं अजून? जेवणावरून उठणार होतो, पण भाजी चांगली झाली होती.

१० फेब्रुवारी
विभागातली ज्युनियर मॅडम (माझीच विद्यार्थिनी, हल्ली माझेही वर्ग तीच घेते) म्हणाली, सर, भाषण एकदा नजरेखालून घालू का? काय हिंमत! शेवटच्या बाकावर बसून क्रियापदं चुकवणारी ही पोरगी. नम्रपणे नकार दिला. नम्रपणे म्हणजे दार आपटलं नाही.

१२ फेब्रुवारी
भाषण तयार. शेवटी 'मी आज आनंदात आहे' असं म्हणायचं होतं, पण शब्दच आठवेना. मग इंग्रजीतला 'ज्युबिलंट' धरला, त्याची शेपटी बदलली, 'ज'चा स्पॅनिश 'ह' केला. झालं स्पॅनिश: 'हुबिलादो'! डिक्शनरी वरच्या फळीवर आहे आणि स्टूल डगमगतं.

१४ फेब्रुवारी
जिंकलो! शेवटचं वाक्य छातीवर हात ठेवून म्हणालो. मग पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एका वयस्कर पाहुणीनं तर मिठीच मारली, डोळ्यांत पाणी! दुभाषा कुलगुरूंच्या कानाशी लागला, तसा त्यांचा चेहरा खुलला. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, माझा केवढा मोठा प्रश्न सोडवलात! ज्युनियर मॅडम तेवढी कपाळाला हात लावून बसलेली. जळते, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी
केबिनमध्ये फुलांचे गुच्छ. शिपाई गहिवरून म्हणाला, साहेब, आता नातवंडांत रमा. मला काही कळेना.
तेवढ्यात ज्युनियर मॅडम आली. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, सर, हुबिलादो म्हणजे आनंदी नाही. निवृत्त.
म्हणजे मी भर सभेत स्वतःची निवृत्ती जाहीर केली! डीनपदासाठी कुलगुरूंनी सकाळीच तिला विचारलंय. पण ती म्हणाली, अशी खुर्ची नको मला. चला, मी सांगते त्यांना, सरांचा शब्द चुकला म्हणून.
स्पॅनिशच्या प्राध्यापकाचा. स्पॅनिश शब्द. चुकला.
मला डीन व्हायचं होतं हो, फार व्हायचं होतं. पण उभा राहिलो आणि ठणकावून सांगितलं: शब्द बरोबर होता. मला तेच म्हणायचं होतं.
ती म्हणाली, सर, उच्चार मात्र सुरेख होता.
मला भरून आलं. तिचंच पेन घेऊन निवृत्तीचा अर्ज लिहिला आणि खाली सही केली.