तेल पाठवू नकोस

लोद, रविवार, ता. २० जानेवारी १९६३

प्रिय युडिथताईस,
धाकट्या गर्शोनचा शालोम. रेवदंड्याला सगळी खुशाल असाल.

तुझं पत्र आणि अमोसच्या हाती धाडलेली खोबरेल तेलाची बाटली पोचली. माझे हात बाबांवर गेलेत, असं तू लिहितेस. आता आणखी तेल पाठवू नकोस. कारण पुढे लिहितो.

तुझी भावजय डिना बरी आहे. मी विमानतळाच्या वर्कशॉपात आहे तिथेच आहे. मुंबईत ज्याच्या सहीशिवाय गोदीतून खोकं हलत नसे, तो इथे स्क्रू वेचतो, आणि त्याला हुकूम सोडणाऱ्याला स्वतःची सही धड करता येत नाही. शेजारचा बिन्यामिन रोज सल्ले द्यायला हजर. म्हणे गेउलाला दृष्ट लागली. चार वर्षांची नकटी, शेंबडी पोर माझी, तिला कोण दृष्ट लावणार? परवा मिरच्या घेऊन आला ओवाळायला. असल्यांना विमानातून वाटेतच उतरवायला हवं होतं.

गेउला दहा दिवस इस्पितळात आहे. पोटात डाव्या बाजूला गाठ आहे.

रक्त तपासलं, लघवी तपासली. बुधवारी दंडाच्या शिरेत औषध टोचून फोटो काढले. आदल्या रात्रीपासून तिला पाण्याचा थेंब नाही. चौघी नर्सांनी दाबून धरली होती, त्यातली एक वर गाणं म्हणत होती, तेही बेसूर. एरवी मराठीत विचारलं तरी पोरगी हिब्रूत उत्तर देते. तेव्हा मात्र ओरडली, "बाबा, उचल मला!"

डॉक्टरीण पंचविशीची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गाठ मूत्रपिंडाची दिसते, येत्या गुरुवारी कापून काढू, मग ती कसली ते कळेल, हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. पलंगावर पाटी लावली. डिनाने ती वाचून दाखवली: पोटाला कोणीही हात लावू नये. दाबली तर गाठ फुटते आणि रोग पसरतो म्हणे.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी कोणी पोट चोळलंय का? तुमच्यात गावठी उपचार करतात ना?"

तुमच्यात! मी इंग्रजीत ठणकावलं, "नो मॅडम. वी आर फ्रॉम बॉम्बे." ती ओशाळली, कागदावर 'नाही' लिहून मोकळी झाली. मला फार बरं वाटलं. डिना खिडकीबाहेर बघत होती.

ताई, आपण शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आजोबांचा घाणा, बाबांचा हात. आपलं पोट दुखलं की बाबा तेल कोमट करून चोळायचे आणि वायगोळा बसायचा. डिसेंबरात गेउलाचं पोट कडक लागलं तेव्हा डिना म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या." मी हसलो. तेल्याच्या घरात पोटदुखीला डॉक्टर? पाच आठवडे रोज संध्याकाळी कामावरून आलो की मीच चोळलं. अंगठ्याने, जोर देऊन. गाठ हाताला लागायची. वायगोळा समजून मी ती फोडायला बघत होतो.

बिन्यामिनला मी मूर्ख म्हणतो. पण मिरच्या ओवाळून कोणाची गाठ फुटत नाही.

आज भेटीच्या वेळी मला बघून गेउलाने आपणहून झगा वर केला. "अबा, शेमेन?" शेमेन म्हणजे तेल. मी हात पाठीमागे धरून उभा राहिलो. ती वाट बघत राहिली, मग डिनाने झगा खाली केला.

कापायच्या आधी डॉक्टरिणीला हे ठाऊक असायला हवं, एवढं मलाही कळतं. चार दिवस तोंड उघडलं नाही. गावठी ठरेन म्हणून! अशा बापाला काय म्हणावं ते तूच ठरव. डिना म्हणते, "उद्या तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन." मला भीती वाटते, ताई. पोर जाईल, आणि माझ्या हातून जाईल.

आधी तुला लिहून पाहिलं. मराठीत जमलं. उद्या सकाळच्या पहिल्या बसने जातो. हिब्रूत कसं सांगायचं ते डिनाने लिहून दिलंय, तीनच ओळी आहेत. बाटलीत उरलेलं तेल तिने शब्बाथच्या दिव्याला मागितलं. दिलं.

तुझा भाऊ,
गर्शोन

हात बाबांवर गेलेत, असं पुन्हा कोणाला सांगू नकोस.