पडद्याआडची खुर्ची

ल्यों, १० नोव्हेंबर १९६४

प्रिय क्लोतिल्दताई,

तुझं पत्र आणि मुरंब्याची बरणी एकाच पार्सलात पोचली. झाकण सैल झालं होतं, त्यामुळे पत्र आधी चाटलं, मग वाचलं. मी खुशाल आहे. सकाळी भाजीबाजारात पेट्या उतरवतो, दुपारी ट्रम्पेटवर हायडनची तीच एक रचना. नदीवरचं धुकं दुपारपर्यंत हलत नाही, ओठ गार पडतात, सूर लवकर धरत नाहीत. घरमालकीण म्हणते, "अहो अन्सेल्म, तुमचा हायडन मला पाठ झाला. आता दुसऱ्या कुणाची तरी वाट लावा."

ओदिल बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते, निळा कोट शिवलाय. रस्त्याच्या टोकाला तो कोट दिसला की माझा श्वास चुकतो, आणि ट्रम्पेटवाल्याला ते परवडत नाही. हसू नकोस.

बाबा गिरणीत आणि कॅफेत सांगत सुटलेत म्हणे, पोराला ल्योंच्या ऑर्केस्ट्रात खुर्ची मिळाली. मी कार्डावर एवढंच लिहिलं होतं: 'परीक्षा झाली. छान वाजवलं.' त्यात खोटं काही नव्हतं. उरलेलं बाबांनी भरून काढलं आणि मी ते भरू दिलं. आता तू लिहितेस की आपल्या बँडच्या ग्राँदिदिए मास्तरांनी संगीताच्या संतिणीच्या, सेंट सिसिलियाच्या, सणाला चर्चमधल्या मिसेत मला एकल वादन दिलंय, बँडच्या पहिल्या रांगेत मधोमध बसवणार आहेत. आणि बाबांनी त्यांचा तो अगडबंब पितळी ट्यूबा घासून आरशासारखा केलाय.

मला येणं जमेलसं वाटत नाही, गाड्यांना गर्दी असते, असं लिहिणार होतो. लिहिलंही होतं. तो कागद फाडला.

पॅरिसचं संगीताचं कॉलेज मी ओदिलपायी अर्धवट सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "पारितोषिकाशिवाय बाहेर पडलेला ट्रम्पेटवाला लग्नांत वाजवतो." ते खोटं पाडायला मला ती खुर्ची हवी होती. आणि ओदिल जिथं बसते तिथून मागे चार रांगांवर ती खुर्ची आहे, म्हणूनही हवी होती. तुझ्यापासून काय लपवायचं.

परीक्षा पडद्याआड होते. परीक्षक एका बाजूला, वाजवणारा दुसऱ्या. नाव नाही, नंबर असतो. कुणाला कळू नये कोण वाजवतंय, म्हणून बोलायची सक्त मनाई. काही विचारायचं असेल तर शेजारी उभ्या कारकुनाच्या कानात. तोंडून एक शब्द निघाला की नंबर बाद.

ताई, मी असा कधीच वाजवला नव्हता हायडन. वरचा सूर असा आला, जणू दार उघडंच होतं. ऑर्केस्ट्रातले तुकडेही सांगतील ते वाजवले. कारकुनाने माझ्याकडे बघून भुवई उचलली, म्हणजे बरं चाललं होतं. मग पलीकडून एक म्हातारा आवाज आला, "हा गावच्या बँडमधला आहे. वाजवण्यातून मिरवणूक ऐकू येते..."

माझं डोकं सटकलं. मला बाबा दिसले, त्यांच्या खांद्यावरचा ट्यूबाच्या पट्ट्याचा वळ दिसला. मी मोठ्याने म्हणालो, "हो, मिरवणुकीतच शिकलो. पडद्याबाहेर या, म्हणजे चालता चालता वाजवून दाखवतो."

 कारकुनाने माझा नंबर हळूच काढून घेतला आणि म्हणाला, "ट्रम्पेट पुसून घ्या, ओलं आहे."

मी ओदिलच्या दारी गेलो. वाटलं, तिला माझा अभिमान वाटेल. तिला सगळं आधीच कळलं होतं, ऑर्केस्ट्रात काय लपतं. तिने मला आत घेतलं नाही.

"त्या म्हाताऱ्या परीक्षकांचं वाक्य पुढे काय होतं, ठाऊक आहे?" ती म्हणाली.

"ठाऊक करून घ्यायची गरज नाही मला."

"ते म्हणणार होते, मिरवणूक ऐकू येते म्हणूनच याचा दम संपत नाही, याला ठेवा. स्वतःच सांगत होते नंतर सगळ्यांना. अरे, ते स्वतः जुराच्या डोंगरातल्या बँडमधून आलेत."

मग ती म्हणाली, "तू माझ्यासाठी पॅरिस सोडलंस तेव्हाही मी काहीतरी सांगत होते. तेही तू पुरं ऐकलं नाहीस." आणि दार लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

काय सांगत होती, ते मला आजही माहीत नाही. विचारायला पुन्हा गेलो नाही. आधी वाजवणार आहे. मार्चमध्ये बोर्दोला जागा निघतेय, अर्ज टाकलाय. तिथे नाही झालं तर लील, नाहीतर पुन्हा इथेच, त्याच म्हाताऱ्यासमोर. बाजारात पेट्या उचलतानासुद्धा श्वासाचा सराव करतो, भाजीवाले म्हणतात, पोराला दमा आहे. म्हणू देत. त्या वरच्या सुरासाठी मी ऑर्केस्ट्रात बसणार, हे मला ठाऊक आहे, जसा तुला गिरणीतला तुझा विणायचा माग ठाऊक असतो.

सेंट सिसिलियाला मी येतोय. ग्राँदिदिए मास्तरांना सांग, एकल वादन नको. तालमी चुकवणाऱ्याने मागच्या रांगेत, नव्या पोरांशेजारी बसायचं हा बँडचा नियम आहे, मी तिथेच बसेन आणि तिसऱ्या ट्रम्पेटचा भाग वाजवेन. एकल त्या मार्सेलच्या मुलाला द्या, तू म्हणतेस तो चांगला तयार झालाय.

बाबांना तू काही सांगू नकोस. मिसेच्या आधी मी स्वतः सांगणार आहे, ट्यूबा खांद्यावर चढायच्या आत. ते चिडतील. ईस्टरला ते बोलत असताना मी ट्रम्पेटची पेटी उचलून निघालो होतो, त्यांचं वाक्य स्वयंपाकघरातच राहिलं. ते तिथूनच सुरू करतील. करू देत. या वेळी ते थांबेपर्यंत मी बसून राहीन.

तुझा, खुर्ची नसलेला, पण येत असलेला भाऊ,
अन्सेल्म