जागा कसली, ते गोपनीय आहे

ती. स्व. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी फार तर पाच अंगं जमिनीला टेकतील, उरलेली तीन मनाने टेकली असं समजावं.) चौऱ्याहत्तराव्या वर्षी तीन जिने न थांबता चढणाऱ्या बाईला तब्येत विचारणं म्हणजे तिचा अपमानच, पण पत्राची रीत म्हणून विचारते. तुमचं पत्र मिळालं. त्यात एकच ओळ होती, ‘त्याचं सगळं तुला एकटीला झेपतंय का, मी येऊ का?’ (उभा जन्म ग्रंथालयात लोकांना गप्प बसवण्यात गेल्यावर माणूस पत्रातसुद्धा हळू बोलतो, हे मला आता पटलंय.) तर झेपतंय. अगदी व्यवस्थित झेपतंय. तुम्ही येण्याची तसदी घेऊ नका. आणि तीन वर्षांपूर्वी तुम्ही महिनाभर राहायला आलात, माझ्या स्वयंपाकघरातले सत्तावीस डबे पाट्या लावून अक्षरांच्या क्रमाने मांडलेत, त्यात साखर आणि साबणपूड शेजारी शेजारी आली, तुमच्या बंधूंनी चहात दोन चमचे साबणपूड ढवळली, कपातून फेस आला, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून गेलात, त्या प्रकाराबद्दल मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही.

आता तुमच्या धाकट्या बंधूंची हकिकत. विसरणं वाढलंय. डॉक्टरांनी (हे स्वतः दर खेपेला आपला चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर शोधतात) मला समजावलं की त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना खोडून काढू नका, ते ज्या जगात असतील त्या जगात तुम्ही जा. मी म्हटलं, जाऊ. एवढी वर्षं ते जातील तिथे मी गेलेच आहे. तर वन्सं, मी गेले, आणि काय सांगू, त्या जगात भयंकर बेकारी आहे. रोज सकाळी दहा वाजता तुमचे बंधू माझी नोकरीसाठी मुलाखत घेतात आणि रोज मला नापास करतात.

तुम्हाला माहीतच आहे, पंख्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं माणसं निवडायचं काम त्यांनी केलं. ती पद्धत जशीच्या तशी शाबूत आहे. मी कोण हे सकाळी आठवत नाही, बाथरूम कुठे हे दुपारी आठवत नाही, पण नोकरभरतीच्या नियमांत इकडचा काना तिकडे होत नाही. आंघोळ झाली की बनियनवर कोट चढतो (खाली पायजमा असतो, पण टेबलामागे बसल्यावर तो दिसत नाही, म्हणजे प्रश्न नाही), जेवणाच्या टेबलावरच्या बरण्या हटतात आणि आतून हाक येते, ‘पुढचा!’ पुढची मीच. मागचीही मीच. मी तोवर बाहेरच्या खोलीत चपलांच्या मांडणीपाशी स्टुलावर बसलेली असते. एकदा मी दूध उतू जाईल म्हणून हाकेची वाट न पाहता थेट आत गेले, तर बेशिस्त म्हणून बाद झाले. तेव्हापासून आधी गॅस बंद करते आणि मग स्टुलावर बसते.

मुलाखत तशी सोपी असते, पण मला अजून जमलेली नाही. अनुभव किती, असं विचारतात. मी सांगते, चव्वेचाळीस वर्षं, एकाच ठिकाणी. त्यावर चष्म्याच्या वरून बघतात आणि म्हणतात, ‘एकाच ठिकाणी? दुसरीकडे कुणी घेतलं नाही?’ आधीची जागा का सोडलीत, असं विचारतात. सोडलेली नाही म्हटलं की म्हणतात, मग इथे कशाला आलात, दोन दोन ठिकाणची कामं चालणार नाहीत. सोडली म्हटलं (हे एकदाच म्हटलं, नुसतं काय होतं ते बघायला), तर चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी हळू विचारलं, ‘का बरं सोडलीत?’ त्या दिवसापासून ‘सोडली’ हे उत्तर मी पुन्हा दिलेलं नाही.

आणि मग तो ट्रे. कारखान्यातला पत्र्याचा ट्रे निवृत्तीच्या दिवशी त्यांनी घरी आणला होता, तो तुम्ही पाहिला असेल. त्यात चार मापांचे स्क्रू आणि दोन प्रकारच्या चकत्या एकत्र कालवलेल्या असतात. ट्रे उमेदवारापुढे ठेवायचा आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या. ज्याचे हात न सांगता स्क्रू वेगळे करायला लागतात, तो कामाचा माणूस. नुसता बघत बसतो, तो घरी. ही युक्ती त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी मला मोठ्या कौतुकाने सांगितली होती, म्हणजे मला पेपर आधीच फुटलेला आहे. मी पहिल्या दिवसापासून स्क्रू झपाझप वेगळे करते. वन्सं, एव्हाना मी डोळे मिटून करते. तरी निकाल एकच, ‘कळवू.’

आता खरं सांगते, सुरुवातीला मला वाईट वाटायचं, पण पुढे पुढे वाईट वाटण्यापेक्षा कुतूहल जास्त वाटायला लागलं. जागा आहे तरी कसली? सरळ विचारलं, तर ‘ते गोपनीय आहे’. मग मी शोध लावायचं ठरवलं. सोमवारी टायपिस्ट म्हणून अर्ज केला, टायपिस्ट नको होती. मंगळवारी स्वयंपाकीण म्हणून गेले, स्वयंपाकीण आहे म्हणाले, चांगली आहे, तिखट जरा जास्त घालते. (हे माझ्याबद्दल मला तोंडावर कळलेलं पहिलंच मत. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही ताटावर बोलले नव्हते.) बुधवारी पहारेकरी म्हणून गेले, उंचीत बसले नाही. गुरुवारी मॅनेजर म्हणून गेले, तर उठून उभे राहिले आणि स्वतःचीच खुर्ची मला दिली, मग त्या दिवशी मुलाखत कुणी कुणाची घ्यायची हेच ठरेना आणि आम्ही दोघांनी मिळून बिस्किटं खाल्ली. डॉक्टरांना हे सगळं वहीत लिहून दाखवलं. ते म्हणाले, आजी, तुम्ही प्रयोगशाळेत असायला हव्या होत्या. मी म्हटलं, तिथेही मुलाखत असेलच की.

दर मुलाखतीनंतर ते एका कागदाच्या कपट्यावर शेरा लिहितात, घडी घालतात आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकतात. तो डबा काखेत घेऊन हिंडतात, जेवताना मांडीवर, झोपताना उशाशी. त्याची किल्ली बनियनच्या आत दोऱ्याला बांधलेली. त्या डब्यात माझ्याबद्दल दीडएक महिन्याचे शेरे साठलेत आणि मला वाचता येत नाहीत, ही कल्पना तुम्ही करून बघा. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचं आपल्याबद्दलचं मत लेखी, तारीखवार मिळायची संधी कुठे येते? मी जंग जंग पछाडलं. आंघोळीच्या वेळी प्रयत्न केला, तर डबा आंघोळीला बरोबर. शेवटी कोपऱ्यावरच्या चावीवाल्यांना बोलावलं. म्हटलं, कपाटाच्या निमित्ताने या आणि संधी साधून डब्याची किल्ली करून द्या. बिचारे बरोबर दहाला आले. हाक आली, ‘पुढचा!’ मी काही बोलायच्या आत तेच आत गेले. समोर ट्रे दिसल्यावर त्या माणसाला राहवतंय होय? जन्म स्क्रू आणि किल्ल्यांत गेलेला. गप्पा मारता मारता चार मापं तर वेगळी केलीच, वर गंजलेले स्क्रू बाजूला काढून दाखवले. तुमचे बंधू उभे राहिले, हात पुढे केला आणि म्हणाले, ‘उद्यापासून या.’ पहिल्याच फटक्यात! मी दीड महिना स्टुलावर बसून स्टुलाची वेताची जाळी खाली गेली, आणि हे आले तसे पास! चावीवाले दुसऱ्या दिवशी खरंच आले हो. म्हणाले, साहेबांनी इतक्या मनापासून बोलावलं, नाही कसं म्हणू. पाच मिनिटं बसले, चहा घेऊन गेले. किल्लीचं मात्र राहिलं ते राहिलंच.

तर एकंदरीत असं आहे. दिवस मजेत जातात, रोज काहीतरी नवीन कळतं, मी ठणठणीत आहे, घर स्वच्छ आहे. तुम्ही काळजी करू नये आणि प्रवासाची दगदग तर मुळीच करू नये. तुमच्या ग्रंथालयातल्या मैत्रिणींना नमस्कार, जिन्याला जपून (म्हणजे तुमच्यापासून जिन्याला).

तुमची,
वहिनी
(नापास)

ता. क. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलंय. आज मुलाखत झाल्यावर तुमच्या बंधूंनी मला थांबवलं, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘निवड झाली. फाईल वर सहीला न्या.’ मला शिपाई समजले असावेत. मी विचारलं, वर म्हणजे कुणाकडे? माझ्या अडाणीपणाची कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, ‘ताईकडे. आणखी कुणाकडे?’ माझं नाव आठवत नाही, पण तुमची सही लागते हे आठवतं. आणि डब्याला कुलूप नव्हतंच, वन्सं. ती किल्ली कारखान्यातल्या कुठल्यातरी टेबलाची. झाकण नुसतं उचललं की निघत होतं.

ता. क. दुसरा. शेरे वाचले. स्टुलावर बसूनच वाचले. पहिले बरेचसे एकसारखे आहेत, ‘हाताला काम आहे, बोलते जास्त.’ एकात लिहिलंय, ‘स्क्रू फार झटकन वेगळे केले, परीक्षेची माहिती आधी मिळालेली दिसते, चौकशी व्हावी.’ एकावर नुसता दूध-साखरेचा हिशेब आहे, एकावर पंख्याचं चित्र. मग मागच्या आठवड्यातला, ‘आज उमेदवार रडली. कारण विचारलं नाही. विचारायला हवं होतं.’ (वर मी मजेत आहे असं लिहिलंय, ते तेवढा दिवस सोडून वाचावं. आणखी दोनचार दिवस सोडून वाचलंत तरी चालेल.) आणि आजचा, तो सोबत जोडलाय, अक्षर लागत नसेल म्हणून उतरून देते: ‘जागा: घरातल्या बाईंच्या मदतीला एक माणूस. बाई थकल्या आहेत, कबूल करत नाहीत. ही उमेदवार चांगली आहे, पण हिला हे काम देऊ नये, हीही तितकीच थकलेली दिसते. दुसरं माणूस लवकर बघावं.’ निवड झाली म्हणाले, पण नावाच्या जागी काहीच लिहिलेलं नाही. ते घरातल्या बाईंना ओळखतात, उमेदवारालाही ओळखतात, दोघी एकच हे तेवढं त्यांना माहीत नाही. का माहीत आहे, हे मी दुपारपासून त्यांच्या तोंडाकडे बघून शोधतेय. डॉक्टरांना विचारलं, तर ते टेबलभर आपला चष्मा शोधत राहिले.

ता. क. तिसरा, आणि हे आधीच लिहायला हवं होतं. साबणपुडीचा डबा निळा होता, साखरेचा पांढरा, आणि दोन्हींवर तुमच्या ठसठशीत अक्षरात पाटी होती. चूक डब्यांची नव्हती, तुमची तर नव्हतीच. त्याच्या आधी दोनदा त्यांनी चहात पीठ घातलं होतं, ते मी तुमच्यापासून लपवलं होतं. तेव्हाच मला कळलं होतं, आणि त्या सकाळी ते कुणाच्या तरी माथी मारायला मला माणूस हवं होतं, ते तुम्ही सापडलात. मला क्षमा करा. नाही झेपत, वन्सं. या.

ता. क. शेवटचा. डबे मी आजच पुन्हा अक्षरांच्या क्रमाने लावले, साबणपूड तेवढी मोरीत ठेवलीय. मुलाखत दहाला असते, हाक आल्याशिवाय आत जायचं नाही. ट्रेची तुम्हाला काळजी नाही, तुमचे हात काही स्वस्थ बसायचे नाहीत. बाहेर मांडणीपाशी दुसरं स्टूल आणून ठेवलंय. एकटीने बसून बसून फार कंटाळा आलाय.