कॅप्टन तोमे पन्नाशीचीच राहील

मी, ओरिहारा सादाए, वय एक्याऐंशी, धंदा चित्रकाम (आता बंद), राहणार नेरिमा, तोक्यो, हे मृत्युपत्र स्वखुशीने करीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. राग मात्र आला आहे, आणि राग म्हणजे भ्रम नव्हे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे दोन डॉक्टरांचे दाखले सोबत जोडले आहेत. ते का आणावे लागले ते पुढे येईलच.

कलम १. माझे राहते घर, मागील अंगणासह, माझ्या मैत्रीण श्रीमती तोदोरोकी फुमी यांना द्यावे. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहतात आणि त्यांच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. बँकेतील शिलकीतून माझे दहन व देवळाचा खर्च भागवावा, उरेल ते फुमी यांचे. माझे ब्रश माझ्यासोबत जाळावेत. ते प्रदर्शनात काचेखाली दिसले, तर मी मेल्यावरही मला ओकारी येईल.

कलम २. 'मालनौका हामागुरी' ही दूरचित्रवाणीवरील चित्रमालिका शोवा ५२, म्हणजे १९७७ साली निघाली. या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर माल पोचवणाऱ्या जुनाट नौकेची ती गोष्ट. कल्पना व पात्रांची चित्रे माझी. नौकेची कॅप्टन तोमे ही पन्नाशीची, जाडजूड, कमरेला टॉवेल खोचलेली बाई होती. ती माझी आई. आई चोशी बंदरात हातगाडीवर मासे विकायची, आणि गिऱ्हाइकाने भाव पाडला की म्हणायची, "मासा तुझ्याकडे बघतोय बघ, त्याची तरी लाज धर." हे वाक्य मी तोमेच्या तोंडी घातले. आवाज फुमीचा होता, सिगारेटने भाजलेला. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती.

खेळणी विकणाऱ्या प्रायोजकाची म्हातारीची बाहुली बाजारात खपेना. त्याने तरुण कॅप्टन मागितली, आणि दिग्दर्शक निशिकोरी तामोत्सू यांनी लगेच मान डोलावली. फुमी ध्वनिमुद्रणाला आली तेव्हा संहितेत तिचे नावच नव्हते. तिच्या जागी गुलाबी केसांची एक पोरगी नौका चालवत होती आणि निवेदक एवढेच सांगत होता, 'कॅप्टन तोमे निवृत्त होऊन गावी गेल्या.'

"फुमीसान, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं," निशिकोरी घड्याळाकडे बघत म्हणाले.

फुमीने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडली. मी मागोमाग धावले. जिन्यात ती वळून म्हणाली, "सादाए, कुठलं गं गाव? पृथ्वी तर आपण तिसऱ्याच भागात फोडली!"

आम्ही जिन्यात बसून हसलो. मग ती रडली. त्या दिवशी मी काम सोडले. मालिकाही लवकरच आपटली. तिची चित्रे कंपनीने पोत्यांत भरून कचऱ्यात टाकली, आणि आज त्यातूनच उचललेली चित्रे लोक मखमलीवर मांडून विकतात.

कलम ३. गेल्या शरदात माझा भाचा कुनिहिरो, धाकट्या बहिणीचा मुलगा, योकानच्या गोड वड्यांचा डबा घेऊन आला. त्याला मालिका नव्याने काढायची होती, त्यासाठी माझी सही हवी होती, कारण करारानुसार अर्धा हक्क माझा आहे. त्याने नवे चित्र दाखवले. तोमे सोळा वर्षांची! डोळे बशीएवढे, अंगावर पोहण्याचे कपडे, वर कॅप्टनची टोपी. माझ्या आईच्या नावाखाली ते पोर छाती पुढे काढून उभे होते. मला शिसारी आली.

"मावशी, आजकाल म्हातारीला कोण बघतं?"

"तुझी आई म्हातारीच आहे. तिला तरी बघायला जातोस का?"

तो खाली बघू लागला. "विषय कुठून कुठे नेतेस गं?"

"जिथून तू आणलास तिथेच. डबा उचल."

डबा घेऊन तो गेला, आणि माझे डोके फिरल्याचे सांगून, माझा पालक म्हणून स्वतः सही करण्यासाठी त्याने न्यायालयात अर्ज टाकला. अर्ज फेटाळला गेला. वरील दाखले त्याच वेळचे. सबब कुनिहिरोला माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. त्याच्या आईला मात्र माझे हिवाळी किमोनो द्यावेत, आणि ते दुसऱ्या कोणीतरी नेऊन पोचवावेत.

कलम ४. मालिकेला पुन्हा भाव आल्यावर झालेल्या सत्कारात निशिकोरी यांनी भाषण केले : "कॅप्टन तोमे म्हणजे माझ्या आईची आठवण." त्यांच्या मातोश्री पियानो शिकवत. माशाचा वास आला तर त्या नाकाला अत्तराचा रुमाल लावत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बाई वाईट नव्हत्या, पण माझी आई त्यांना फुकट का द्यावी? त्यांच्या मुलाला माझ्या अंत्यविधीला येऊ देऊ नये. हार पाठवला तर मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी ठेवावा.

कलम ५. मालिकेतील माझा अर्धा हक्क व माझ्याकडे उरलेली सर्व मूळ चित्रे फुमी यांना द्यावीत. मी त्यांना सांगितले होते, "कोणालाच सही देऊ नकोस. सडू दे."

फुमी बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "सडू कशाला द्यायची? काढू देत की. पण बाई पन्नाशीची आणि जाडच. आणि आवाज मी देणार. त्यांना म्हणावं, घाई करा."

मला हे पटलेले नाही. तरीही हक्क तिचा, मर्जी तिची.

पुरवणी. नोटरी श्री. तोगाशी म्हणाले, "सादाएसान, 'शिसारी' हा शब्द कायद्यात बसत नाही. काढू या का?" मी म्हटले, "राहू द्या. कायद्यात नसेल बसत, माझ्या पोटात बसलाय."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे म्हणून शिक्का मारून सही केली.

ओरिहारा सादाए

साक्षीदार :
१. उबुकाता जुन्को, शेजारीण
२. मोमोसे कात्सुया, तोफूवाले

फुमीला मिळायचे असल्याने तिला साक्षीदार होता आले नाही. ती बाहेरच्या बाकावर बसली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोमेच्या आवाजात दार लावून घ्यायला सांगत आहे. आत सगळे ऐकू येत आहे.

स्थळ : नोटरी कार्यालय, नेरिमा, तोक्यो
दिनांक : १४ फेब्रुवारी, रेइवा ६ (२०२४)